कोपरा तुटलेली स्लाईड

आमच्या विभागात माणसाचं प्रजनन दोन खोल्यांत शिकवतात. मी रुजू झाले तेव्हा तसंच होतं, आजही तसंच आहे. तो धडा आला की विभागप्रमुख सर वर्गाच्या दारात उभे राहून सांगतात, "मुली मॅडमकडे." मुली वह्या छातीशी धरून, कोणाकडे न बघता, बरण्यांच्या खोलीत येतात. तिथे फॉर्मलिनमध्ये बुडवलेले साप, विंचू आणि शेळीचं एक न जन्मलेलं पिल्लू यांच्या साक्षीने मी मुलींना बायकांचा अर्धा भाग शिकवते. सर मुलांना पुरुषांचा अर्धा शिकवतात. उरलेला अर्धा दोघांनाही 'वाचून घ्या' म्हणून सांगायचा. अशी अर्धी अर्धी शिकलेली मुलं आम्ही दरवर्षी पदवीधर करून बाहेर सोडतो. मग त्यांची लग्नं होतात आणि अक्षता टाकायला आम्हीच जातो.

गंमत अशी की हेच सर बेडकाबद्दल, झुरळाबद्दल बोलताना जराही अडखळत नाहीत. गांडूळ नरही असतं आणि मादीही असतं, हे वाक्य ते फळ्यावर खाली दोन रेघा मारून लिहितात. कोणी हसत नाही, कोणी लाजत नाही. हमखास येणारा प्रश्न म्हणून मुलं त्यापुढे चांदणी काढतात. निसर्गात काय काय असतं याचं आम्हाला भारी कौतुक, फक्त ते माणसापर्यंत यायला नको.

मी पर्मनंट आहे, हे आधीच सांगून टाकते. तासिकेवर नेमलेली असते, दरवर्षी ऑर्डरची वाट बघणारी असते, तर 'बिचारी काय करणार' असं तुम्ही म्हणाला असता. तेवढी सवलत मला नको. मला कोणी काढू शकत नव्हतं. जे केलं ते पक्क्या नोकरीच्या खुर्चीत बसून केलं.

ती मुलगी रोहण्याची. सकाळच्या एसटीने यायची, त्यामुळे पहिल्या तासाला नेहमी पाच मिनिटं उशीर. बॅचमधल्या सगळ्या मुलींपेक्षा उंच, शेवटच्या बाकावर बसली तरी दिसायची. हात स्थिर होता तिचा. झुरळाची लाळग्रंथी बाहेर काढताना बाकीच्यांच्या हातात नुसता चेंदा यायचा, ती मात्र अख्खी ग्रंथी पाण्यात तरंगवून दाखवायची. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं की ही पुढे जाणार. तिचे वडील शेती करत आणि गावात एक किराणा दुकान चालवत. त्यांनी अट घातली होती, आणि ती अट तिनेच मला हसत हसत सांगितली होती.

"बाबा म्हणते, फर्स्ट क्लास आला तं नागपूरले एमेस्सीले पाठवतो. नाई तं पाहुणे बोलावतो."

"मग आण फर्स्ट क्लास," मी म्हटलं होतं.

"आणतो ना मॅडम. काऊन नाई आणणार?"

आता त्या प्रात्यक्षिकाबद्दल. ते शेवटच्या वर्षाला असतं. गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडायचं, जे निघेल ते काचेच्या स्लाईडवर पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातलं एक आकसून केंद्रकाच्या कडेला बसतं आणि गडद ठिपक्यासारखं दिसतं. पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, म्हणून ठिपका नाही. सगळ्या पेशींत तो सापडत नाही, पण शोधला की बऱ्याच पेशींत सापडतो. जर्नलमध्ये याचा छापील तक्ता आहे आणि त्याच्या शेवटी एक ओळ: 'निष्कर्ष: दिलेली व्यक्ती स्त्री आहे / पुरुष आहे. (लागू नसेल ते खोडा.)'

खरं म्हणजे हे प्रात्यक्षिक आमच्याकडे कोणी करतच नसे. मागच्या बॅचचं जर्नल घ्यायचं, आकृती उतरवायची. मुलींनी 'पुरुष' खोडायचं, मुलांनी 'स्त्री' खोडायचं. स्वतःकडे खाली मान घालून बघितलं तरी कळतं ते सूक्ष्मदर्शकातून कशाला बघायचं, असा सगळा हिशोब. पण त्या वर्षी माझ्या अंगात आलं होतं. मी सर्वांना सांगितलं की यंदा प्रत्येकाने स्वतःची स्लाईड करायची आणि ठिपके स्वतः मोजायचे. विज्ञान म्हणजे पाहणं, उतरवणं नव्हे, असं एक वाक्यही मी फेकलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण ते खरं होतं आणि मला पेललं नाही.

मुलांच्या स्लाईडी वाया गेल्या. आमच्याकडच्या पोरांच्या गालात सकाळपासून खर्रा असतो, त्यामुळे काचेवर पेशींपेक्षा सुपारीच जास्त. मुलींच्या बऱ्या आल्या. कोणी ओरडून सांगायची, मॅडम मला दिसला, कोणी शेजारणीला बोलावून दाखवायची. मी टेबलांमधून फिरत होते, खुशीत होते.

"मॅडम, माह्या पेशीत ठिपका नाई दिसून राह्यला," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. नव्हता. म्हटलं, रंग कमी पडला असेल, दुसरी कर. तिने दुसरी केली, त्यातही नाही. तोवर दोन-तीन जण आजूबाजूला जमले. मग मी म्हटलं, थांब, मी करते. मी स्वतः तिच्या गालातून खरवडलं, स्वतः रंगवलं. धुताना स्लाईड नळाला लागली आणि तिचा एक कोपरा उडाला, तेवढंच काय ते बिघडलं. बाकी अशी स्लाईड माझ्या हातून वर्षातून एखादीच होते. पेशी सुट्या सुट्या, केंद्रकं स्वच्छ, रंग नेमका. मी मोजत गेले. पन्नास झाल्या, साठ झाल्या, शंभर झाल्या. एकाही केंद्रकाच्या कडेला ठिपका नव्हता.

मला कळलं. हे मी लपवणार नाही. शंभराव्या पेशीपर्यंत पोचायच्या आधीच मला कळलं होतं. बाहेरून पूर्ण मुलगी, वाढलेली मुलगी म्हणून, आणि पेशींमध्ये मात्र एक एक्स आणि एक वाय, अशी माणसं जन्माला येतात. आजार म्हणावा असं त्यात रोजच्या जगण्यापुरतं काही नसतं, फक्त पाळी येत नाही आणि मूल होत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यावर दोन ओळी आहेत, धड्याच्या शेवटी, बारीक अक्षरांत. त्या दोन ओळी मी दरवर्षी 'वाचून घ्या' म्हणून सोडत आले होते.

तेवढ्यात सर आले. "काय झालं मॅडम?" म्हणत त्यांनी भिंगाला डोळा लावला, पुढेमागे सरकवलं, आणि सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, आपल्या बॅचमध्ये एक मुलगा वाढला."

सगळे हसले. मुलं हसली, मुली हसल्या. मीही हसले. सर मोठे, वातावरण हलकं करतायत, अशा वेळी तोंड वाकडं करून कसं चालेल, असं काहीतरी डोक्यात असेल. कारण काहीही असो, तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हसत होते.

मग मी शहाणपणा केला. मोठ्याने म्हटलं, "स्लाईड खराब आहे. शेजारणीची बघ आणि आकृती काढ."

तिने काढली. शेजारणीच्या पेशीतला ठिपका आपल्या जर्नलमध्ये नीट, गोल, टोकदार पेन्सिलने काढला. खालच्या ओळीतलं 'पुरुष' खोडलं. मी तारीख घालून सही केली. तिची मात्र ती तिसरी स्लाईड मला फेकवेना. मी तिच्यावर काचेचं झाकण चिकटवून ती पक्की केली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

दोन दिवसांनी ती बरण्यांच्या खोलीत आली. मी बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या बदलत होते. दार अर्धं लोटून ती तिथेच उभी राहिली.

"मॅडम, ते स्लाईड खरंच खराब होती?"

मी म्हटलं, का गं?

"मले पाळी आली नाई अजून." हे तिने बरणीकडे बघत सांगितलं. "आई म्हणते कोणाकोणाले उशीर होते. मावशीलेही झालता म्हणे. पण आता मी वीस वर्षांची झाली मॅडम."

मी हातातली चिठ्ठी बरणीवर चिकटवली. मग ती म्हणाली, "गांडुळाचं आपण एवढं लिवतो. त्याले कोणी हासत नाई."

या जागी मी काय बोलायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. बस इथे, म्हणायचं. अशी तू एकटी नाहीस, म्हणायचं. बाकावर बसून दोन ओळींचा तो मजकूर उघडायचा आणि तिच्यासोबत वाचायचा. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी मी म्हटलं की असं स्लाईडवरून काही ठरत नसतं, आपण वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी येते तुझ्यासोबत. ती एवढी मोकळी झाली की बाहेर जाताना दार लावायचंसुद्धा विसरली.

"कधी जायचं मॅडम?"

"दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. मग कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती, विभागाच्या फायली माझ्याकडे होत्या. मग गॅदरिंग आलं. दर वेळी ती विचारायची तेव्हा माझं कारण खरं असायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. खोटं कारण दिलं असतं तर निदान मला टोचलं असतं.

दरम्यान तिचं नाव 'भाऊ' पडलं होतं. बसस्टँडवर, व्हरांड्यात, कॅन्टीनच्या ओट्यावर. "काय भाऊ, आज लवकर?" "भाऊले जागा द्या रे." मी दोनदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरं आहेत मॅडम, चलता है. टेन्शन नका घेऊ." मी टेन्शन घेतलं नाही. कॉलेजच्या महिला तक्रार समितीची अध्यक्ष कोण होती माहीत आहे? मी. तक्रारपेटीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. पेटी उघडली की आत चॉकलेटचे कागद निघायचे.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे लिंगभाव समानतेवर एक दिवसाची कार्यशाळा झाली. तपासणीच्या फाईलला असली एखादी लागते. वक्ता मीच. माझं स्वागत पुष्पगुच्छाऐवजी तुळशीचं रोपटं देऊन करण्यात आलं. पाऊण तास बोलले. निसर्गात विविधता असते, म्हटलं. भेद आपण निर्माण करतो, म्हटलं. टाळ्या पडल्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती, मनापासून. कार्यक्रम संपल्यावर रोपटं हातात धरून मी फोटोसाठी उभी असताना ती जवळ आली.

"मॅडम, वर्ध्याले?"

"आता परीक्षा होऊ दे बाई," मी म्हटलं. "एकदा फर्स्ट क्लास घे, मग सगळं निवांत बघू."

प्रात्यक्षिक परीक्षेत एक भाग असतो, त्याला सगळे स्पॉटिंग म्हणतात. टेबलांवर ओळीने नमुने मांडायचे, कुठे बरणी, कुठे हाड, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली स्लाईड. मुलांनी ओळीने पुढे सरकायचं, घंटा वाजली की पुढचा नमुना. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, ओळखा आणि कारण द्या. परीक्षेच्या सकाळी आमचे प्रयोगशाळेतले परिचर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, माझ्याकडे आले. निवृत्तीला आलेले गृहस्थ, चाळीस बॅचेसचे नमुने त्यांनी मांडले असतील.

"मॅडम, ठिपक्याची स्लाईड आहे. बिगर ठिपक्याची पायजे होती, सातव्या नंबरले. पोरांच्या साऱ्या खर्ऱ्यानं खराब झाल्या. तुमच्या ड्रॉवरमधी एक भेटली, एकदम चोख. पोराची आहे ना हे?"

त्यांच्या हातात कोपरा तुटलेली स्लाईड होती. नाही म्हटलं असतं तर कोणाची, हा पुढचा प्रश्न आला असता. सर पलीकडेच उभे होते, बाहेरून आलेल्या परीक्षकांना चहा देत होते.

"हो," मी म्हटलं.

सरांनी ती भिंगाखाली पाहिली आणि मान डोलावली. "उत्तम नमुना," म्हणाले. उत्तरसूचीत सातव्या नंबरपुढे त्यांनीच लिहिलं, मानव, पुरुष.

मला वाटलं, तिला कळणार नाही. इतक्या दिवसांनी, घाईत, दोन मिनिटांत कोण स्लाईडचा कोपरा बघतं? पण मी तिला वर्षभर पाहत होते. जी मुलगी झुरळाची ग्रंथी न तोडता काढते, ती बघणारच. सातव्या टेबलापाशी आली, डोळा लावला. थोडा वेळ तशीच राहिली. मग भिंगावरून डोकं वर काढून तिने खाली स्लाईडकडे पाहिलं आणि तुटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मी तीन टेबलं पलीकडे उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि परीक्षेत बोलायला बंदी असते. घंटा वाजली तेव्हा ती लिहीत होती.

उत्तरपत्रिका तपासताना परीक्षक मध्येच थांबले. दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजचे, अनुभवी माणूस, स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही. "हे काय आहे मॅडम?" म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सातव्या नंबरपुढे तिने लिहिलं होतं: 'ही स्लाईड मुलीची आहे. कारण ही माझी आहे. ठिपका नसला तरी मुलगी असू शकते.'

त्यांना ती टवाळी वाटली. त्यांनी भोपळा दिला आणि तोंडी परीक्षेत तिला आधी तेच विचारलं.

"ठिपका नाही, म्हणजे व्यक्ती कोण?"

"सर, नुस्त्या ठिपक्यावरून नाई सांगता येत."

"पुस्तक वाचलंस का? काय शिकवलं तुला इथे?"

ती म्हणाली, "मॅडमले विचारा सर. मॅडमले माहीत आहे."

परीक्षक माझ्याकडे वळले. सर माझ्याकडे बघत होते. खोलीत आम्ही चौघंच होतो. मला फक्त म्हणायचं होतं की मुलगी बरोबर बोलतेय, धड्याच्या शेवटी दोन ओळी आहेत, बघा. कोणाची स्लाईड हेही सांगायची गरज नव्हती. ती मला काही कबूल करायला लावत नव्हती, आपल्या बाजूने एक वाक्य मागत होती, आणि तेही विज्ञानाचं.

"पुस्तकात पुरुष आहे, सर," मी म्हटलं.

ती एवढंच म्हणाली, "बरं." पुढच्या कुठल्याही प्रश्नाला तिने तोंड उघडलं नाही. तोंडी परीक्षेचे मार्क त्यांनी पासापुरते दिले. गुणपत्रकावर दोन सह्या लागतात, बाहेरच्या परीक्षकाची आणि आतल्या परीक्षकाची. आतली मी होते.

फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला. लेखी पेपरांत ती कॉलेजात दुसरी होती. चार मार्क कुठे गेले हे मला शोधावं लागलं नाही.

तिच्या वडिलांनी शब्द पाळला आणि पाहुणे बोलावले. हिंगणघाटकडे वडनेरचं स्थळ, बागायती शेती, मुलगा शिकलेला. पत्रिका द्यायला ती स्वतः आली नाही, वडील आले. "मॅडम, तुमचं लय नाव काढते पोरगी, तुमाले यावंच लागते," म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांना सांगावं असं माझ्या मनात चहा संपेपर्यंत होतं. पण बापाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि तिला न विचारता? असे सगळे बारकावे मला नेमके तेव्हा सुचतात जेव्हा ते सोयीचे असतात. पंधरा दिवसांनी मी रोहण्याला मांडवात उभी होते. मंगलाष्टकं चालू होती आणि माझ्या मुठीत अक्षता होत्या. सगळ्यांसोबत मीही टाकल्या. तिच्या डोक्यावर पडल्या असतील त्यातल्या काही.

त्यानंतर दोन बॅचेस गेल्या. सातव्या नंबरची स्लाईड आता विभागाच्या पेटीत होती. प्रयोगशाळेतल्या भाऊंनी तिच्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'मानव, पुरुष'. मुलं बरोबर उत्तर लिहीत होती आणि मी बरोबरची खूण करत होते.

मग गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी, ती आली. टीसी न्यायला. ऑफिसातून काम आटोपून सरळ प्रयोगशाळेत आली. सलवार-कुर्ता, खांद्याला पिशवी, तशीच उंच. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मी बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं.

"लग्न झालं, अन परतही आली," ती म्हणाली. "सात महिने राह्यली तिथं. सासूनं दवाखान्यात नेलं, मंग आणून सोडलं. साऱ्या गावासमोर सोडलं मॅडम. बाबा दुकानात बसत नाई आता, माहा भाऊ बसते."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"मंग मी गेलती वर्ध्याले. एकटीच. डॉक्टरीणबाईनं सारं सांगतलं, कागदावर काढून सांगतलं. दहा मिनिटं लागले." तिने पिशवीचा पट्टा नीट केला. "तुमाले माहीत होतं ना मॅडम? त्याच दिवशी?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. जणू हजेरीत नाव घेतलं आणि तिने ओ दिली. रडली असती, बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. ते बरं वाटणं तिने मला दिलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

"ते स्लाईड आहे काय अजून?"

मी पेटी काढली. चिठ्ठी तिने वाचली. स्वतःच सूक्ष्मदर्शक ओढला, आरसा उजेडाकडे वळवला, स्लाईड लावली. हात तसाच स्थिर. ती आता वर्ध्याला तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, रक्ताच्या स्लाईडी दिवसभर बघते, हे तिने बघता बघताच सांगितलं. बराच वेळ ती बघत राहिली. मी तिच्या पाठीमागे उभी होते आणि मला माझे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

"किती चांगली आलती मॅडम," शेवटी ती म्हणाली. "आमच्या लॅबमधीही अशी येत नाई. अन तुम्ही खराब म्हटली."

मी म्हटलं, घेऊन जा ही, तुझी आहे.

"नाई." तिने स्लाईड काढली आणि नखाने चिठ्ठी खरवडायला लागली. चांगली चिकटली होती, तुकड्या-तुकड्यांनी निघाली. काच कुर्त्याच्या टोकाला पुसून तिने ती परत पेटीत, आपल्या खाचेत ठेवली. "इथंच राहू द्या. पुढच्या पोरीले दाखवजा. अशीही असते म्हणून."

मी होकार दिला. जिन्यापर्यंत तिला सोडायला गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही, एसटीची वेळ झाली होती.

यंदाची प्रात्यक्षिक परीक्षा मागच्या महिन्यात झाली. आमचे जुने भाऊ निवृत्त झाले, नवीन माणूस आहे, होतकरू आहे, सगळं विचारून करतो. सकाळी नमुने मांडताना तो पेटी घेऊन माझ्याकडे आला. सर खिडकीपाशी होते. बाहेरचे परीक्षक नुकतेच येऊन चहा घेत होते. मुली व्हरांड्यात ओळीने उभ्या होत्या, दारातून दिसत होत्या.

"मॅडम, सातव्या नंबरच्या स्लाईडची चिठ्ठी निघून गेली. कोपरा तुटलेली आहे ना, ते. काय लिहू याच्यावर?"

मी त्या ओळीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

"आधी होतं तेच लिहा," मी म्हटलं.